यंदाचे सुवर्णकमळ कोणाला?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की पालघरच्या फलाटावर किंवा बोईसरच्या बाजारात एक तरी माणूस भेटतोच. तो म्हणतो, “मी आधीच सांगितले होते!” तो खोटे बोलतो असे नाही. पण त्याला जाणकार म्हणायचे की नशीबवान?

समजा, दोनच चित्रपट चर्चेत आहेत. एक ‘भविष्यवेत्ता’ ६४ घरी पत्रे टाकतो. ३२ घरी एकाचे नाव, ३२ घरी दुसऱ्याचे. निकालानंतर ज्या ३२ घरी अंदाज बरोबर ठरला, तेथेच पुढच्या वर्षी पत्रे जातात, पुन्हा निम्मी-निम्मी. पाच वर्षांनी दोन घरे अशी उरतात, की ज्यांना लागोपाठ पाच भाकिते खरी ठरलेली दिसली! उरलेल्या ६२ घरांची त्यांना गंधवार्ताही नसते. म्हणून बरोबर ठरलेल्या अंदाजांबरोबर चुकलेले अंदाजही मोजावे लागतात.

आता खरे आकडे घेऊ. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी पहिले राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले आणि आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावले. पुढे १९५४ ते २००२ या ४९ वर्षांत एकाही मराठी चित्रपटाला हा मान मिळाला नाही. मग ‘श्वास’ (२००३), ‘देऊळ’ (२०११, एका ब्यारी चित्रपटासह विभागून), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) असे चार चित्रपट आले. २०१७ ते २०२३ पुन्हा काही नाही. म्हणजे २०२३ पर्यंतच्या ७१ वर्षांत ५ वेळा, सुमारे ७ टक्के. पण २००३ ते २०१६ एवढीच १४ वर्षे घेतली तर ४ वेळा, जवळजवळ २९ टक्के! कोणती वर्षे मोजायची हे निकाल पाहून ठरवले, की हवा तो आकडा काढता येतो.

तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज देऊ लागली. अशा भट्टीत तयार होणाऱ्या आयोडीन-१३१ चा नेमका कोणता अणू आज फुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. तरी सुमारे आठ दिवसांत निम्मे अणू फुटलेले असतात, हे खात्रीने सांगता येते. कारण अणू असंख्य असतात आणि सगळे सारखे. सुवर्णकमळ मात्र वर्षाला एक, परीक्षकही दरवर्षी नवे आणि मोजकेच, शिवाय नामांकनांची यादी आधी जाहीर होत नाही. ऑस्करचे तसे नाही. तेथे हजारो सभासद मत देतात आणि त्यांतले कित्येक दिग्दर्शक आपल्या संघटनेच्या पुरस्कारासाठीही मत देतात. म्हणून त्या संघटनेचा निकाल पाहून ऑस्करच्या दिग्दर्शकाचे नाव बहुधा ओळखता येते. बहुधाच! २०२० साली संघटनेने सॅम मेंडिस यांना निवडले, ऑस्कर मिळाले बाँग जून-हो यांना.

अंदाज चांगला की वाईट, हे मोजायचे कसे? ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली एक रीत सुचवली. तिचे सोपे रूप असे: अंदाज टक्क्यांत, निकालाआधी लिहून ठेवायचा. घटना घडली तर १, नाही तर ०. या आकड्यातून अंदाज वजा करायचा आणि उत्तराचा वर्ग करायचा. हा झाला दंड. तो जितका कमी तितका अंदाज चांगला.

मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळेल का, यावर पालघरची एक शाळा दरवर्षी ७ टक्के म्हणते, बोईसरची ९० आणि तारापूरची २९, असे धरा. चित्रपट जिंकला त्या वर्षी पालघरला ०.८६४९ दंड आणि बोईसरला अवघा ०.०१. बोईसरची मुले नाचतीलच! पण २००३ ते २०१६ या मराठीच्या भरभराटीच्या काळाचीच बेरीज करा. पालघर सुमारे ३.५१, बोईसर ८.१४. आणि तारापूर २.८६, सर्वांत कमी.

म्हणून तारापूरला बक्षीस द्यायचे काय? थांबा. २९ हा आकडा याच १४ वर्षांवरून काढलेला आहे. पुढच्या सात वर्षांत पालघरचा दंड होतो ०.०३ आणि तारापूरचा ०.५९. अर्थात पालघरच्या ७ टक्क्यांतही ही सात वर्षे मोजलेली आहेत. तेव्हा पुढच्या निकालाआधी तुमच्या वर्गाचे आकडे बंद पाकिटात घालून शिक्षकांकडे द्या, आणि त्यावर तारीख घालायला विसरू नका.