ट्रॅक्टर सारखा गरम होतोय? आधी बघा, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं टाकता

वडनेर भोलजी (ता. नांदुरा) : सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान तयार करायची घाई असते. नेमका तेव्हाच छोट्या ट्रॅक्टरचा काटा लाल पट्ट्यात जातो. मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो, भाड्याचं काम हातचं जातं, हप्ता मात्र थांबत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

पण आधी एक गोष्ट. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, पोरांना लांब ठेवा. काटा चढताना दिसला तर रोटाव्हेटर उचला, पीटीओ बंद करा आणि दोन-तीन मिनिटं इंजिन बिनलोड हळू चालू द्या. काटा उतरला नाही, पट्टा तुटला किंवा पाणी वाहून गेलं असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आता मूळ दुखणं. आपला भाग पूर्णेच्या खोऱ्यातला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा नांदुरा तालुक्यातही आहे. बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ना? तोच थर इंजिनच्या आत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर उष्णता अडवतो, नळ्या अरुंद होतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण लोड आला की इंजिन तापतं. रेडिएटरमध्ये रोज बादलीने बोअरचं पाणी टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

त्यापेक्षा कूलंट टाका. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत टाकतो ते. जुना थर असेल तर आधी मिस्त्रीकडून आतून साफ करून घ्या, नाहीतर नवीन कूलंटचे पैसे वाया. आणि काढलेलं कूलंट अंगणात सांडू नका. ते चवीला गोड असतं पण विषारी. बकऱ्या चाटतात, लहान मूलही तोंडात घालू शकतं.

दुसरी गोष्ट जाळी. मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, पंखा समोरून हवा ओढतो आणि भुसा, कापसाची तूस जाळीत अडकते. त्या दिवसांत दोन-तीनदा झाडा, इंजिन बंद करूनच. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने बाहेर, आणि बेताची, नाहीतर पत्र्या वाकतात.

पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक-दीड सेंटिमीटर दबावा. जास्त दबत असेल तर ढिला आहे. पाण्याच्या पंपाखाली थेंब, होजपाइपला चीर, हेही बघून घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र भांडावं लागतं. काही जण तो काढूनच टाकतात, "आता गरम होणार नाही भाई" म्हणत. मग इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडा. पाणी उकळीला आलं तरी उघडला नाही तर खराब, नवीन बसवा.

हे सगळं ठीक असूनही गरम होत असेल तर लोड बघा. 15 एचपीच्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर लावून ओल्या काळ्या रानात खोल घातला तर तो तापणारच. गिअर खालचा घ्या, खोली कमी करा.

रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात, ऑइल दुधी चहासारखं झालंय, किंवा बाहेर गळती नसताना पाणी कमी होतंय, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. मग ट्रॅक्टर चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.