गप्पी माशांची पिले जगवायची कशी?

आज एका बोटभर माशाची गोष्ट सांगतो. हिवतापाच्या दिवसांत आरोग्यसेवक डबा घेऊन येतात आणि वापराच्या पाण्याच्या हौदात काही मासे सोडून जातात, ते हे गप्पी मासे. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात. गप्पांशी मात्र या नावाचा काही संबंध नाही हं! रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले, त्यांचे नाव माशाला चिकटले.

शाळेत बरणीत हे मासे पाळणाऱ्या गुरुजींची तक्रार एकच असते. "काल पिले दिसली, आज एकही नाही!" गेली कुठे? आईच्याच पोटात. माझ्याही पहिल्या विणीची अशीच गत झाली. संध्याकाळी मोजून तेवीस पिले होती, सकाळी पाहतो तर दोन.

आईला दोष देऊ नका. बहुतेक मासे पाण्यात अंडी घालतात. गप्पीची मादी अंडी पोटातच ठेवते, आणि अंड्यातल्या बलकावर पोसलेले पिलू जिवंत बाहेर पडते. पण गाय वासराला चाटते तशी ओळख इथे नाही. समोर काही बारीक हलले की ते खाद्य, एवढेच तिला कळते. तेव्हा पिलांना लपायला जागा करून देणे हे आपले काम.

नर इंचभराचा, रंगीबेरंगी शेपटीचा. मादी चांगली मोठी, राखी रंगाची. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर त्यांना पिटाळून हैराण करतात. मादी नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणून एकटी आणलेली मादीही महिन्याच्या महिन्याला विते. हे मुलांना जरूर दाखवा, त्यांना मोठे नवल वाटते. शेपटीकडच्या बाजूला पोटाखाली काळा डाग गडद झाला आणि पोट चौकोनी दिसू लागले, की वीण जवळ आली समजा. एका वेळी वीस-चाळीस पिले होतात.

अशा वेळी काहीजण मादीला लहानशा बाटलीत कोंडतात. मला ते पसंत नाही. ती घाबरते आणि वेत बिघडते. त्यापेक्षा पसरट भांड्यात हायड्रिला दाट भरा, किंवा जलपर्णीची दोन झाडे तरंगत सोडा. त्यांच्या मुळांत पिले छान दडतात. वनस्पती आधी खळखळून धुवा. तिच्यातून चतुराच्या अळ्या आल्या तर त्या पिले फस्त करतात. वीण झाली की मादीला उचलून परत हौदात सोडा. पिलांना हलवू नका.

पिलू पहिल्या दिवसापासून स्वतः खाते. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात हलकेच पिळा. किती? पाच मिनिटांत संपेल इतकाच, दिवसातून तीन-चार वेळा. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. उरलेला बलक कुजतो, पाण्याला वास येतो आणि पिले मरतात. भुकेने मरणारी थोडी, अति खाद्याने मरणारी फार. उन्हात ठेवून हिरवे झालेले पाणी थोडे घातले तर उत्तमच, त्यातले सूक्ष्म जीव पिले टिपतात.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला. मात्र नळाचे किंवा टीसीएल टाकलेल्या विहिरीचे पाणी लगेच ओतू नका. त्यातला क्लोरीन माशांचा काळ. उघड्या घमेल्यात एक दिवसरात्र ठेवलेले पाणी घ्यावे. थंडीच्या दिवसांत भांडे उन्हाच्या कोपऱ्यात ठेवावे, पण भर दुपारी नको.

महिना-दीड महिन्यात नरांना रंग चढू लागतो, आणि दोन-तीन महिन्यांत हीच पिले वीण करू लागतात. मग भांडी पुरत नाहीत. मोठी झालेली पिले आपल्या आणि शेजाऱ्यांच्या वापराच्या हौदांत, बंद टाक्यांत सोडा. ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात मात्र एकही नको. हा मासा परदेशी आहे. तिथे एकदा माजला की आपल्या गावच्या माशांची अंडी आणि बारीक पिलेही तो खातो, आणि मग त्याला वेचून काढता येत नाही. नेताना डबा अर्धाच भरा, आणि हौदातले पाणी थोडे थोडे डब्यात मिसळून अर्ध्या तासाने मासे सोडा.