निमित्ताच्या मैत्रिणी

२०१४ मध्ये मी टेलिफोनमधून निवृत्त झाले. आमच्या वेळी ‘टेलिफोनमध्ये आहे’ एवढे सांगितले की पुरत असे. १ ऑक्टोबर २००० पासून खात्याचे बीएसएनएल झाले, पगाराच्या स्लिपवरचे नाव बदलले, पण घरच्यांच्या तोंडी शेवटपर्यंत टेलिफोनच राहिले. लागले होते १९७५ मध्ये, पुण्यात, ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून. नोकरीची जवळजवळ चाळीस वर्षे आणि त्यानंतरचे हे तप. त्या चाळीस वर्षांत जोडलेल्या मैत्रिणी पुढे कुठे गेल्या आणि त्यांच्यावाचून दिवस कसे जातात, एवढेच इथे पाहायचे आहे.

दिवस वाईट जात नाहीत, हे आधी सांगून टाकते. म्हातारपण म्हटले की गुडघे, गोळ्या आणि परदेशातली मुले एवढेच लिहायची आपल्याकडे रीत पडली आहे. माझे गुडघेही दुखतात. पण सकाळचा दुसरा चहा बसून पिता येतो, ही गोष्ट शिफ्टमध्ये आयुष्य काढलेल्या बाईलाच कळेल. सकाळच्या ड्यूटीला पहिला चहा उभ्याने व्हायचा आणि दुसरा व्हायचाच नाही. आता आकाशवाणीवरच्या प्रादेशिक बातम्या लागतात, आले किसून घातलेले असते, पेपरातले शब्दकोडे निम्मे सुटलेले असते. आडवे शब्द मला येतात. उभे शब्द समोरच्या वहिनींना येतात. गॅलरीतून गॅलरीत विचारले की काम होते.

पीएमपीचा ज्येष्ठांचा पास काढलेला आहे. काम नसताना बसमध्ये खिडकीशी बसून जायचे आणि मंडईत उतरायचे. थंडीत ओला हरभरा येतो, त्याची जुडी घ्यायची. घाटे सोललेलेही मिळतात, पण मग मजा काय राहिली? जुडी मांडीवर घ्यावी, एकेक घाटा दोन बोटांत दाबावा, फट्‌ आवाज होतो, आत कधी एक दाणा, कधी दोन, कधी नुसती हवा. पाल्याची आंब बोटांना लागते, बोट नकळत तोंडात जाते, ते आंबटखारट असते. एवढ्या जुडीत वाटीभर दाणे निघाले तर पुष्कळ. उसळ दोघांना जेमतेम पुरते. पण तास कसा गेला कळत नाही.

फक्त हात गुंतलेले आणि तोंड रिकामे, ही अवस्था मला सोसत नाही. बोर्डावर आमचे हात आणि तोंड एकाच वेळी चालत.

आजच्या मुलांना ट्रंक कॉल समजावून सांगणे अवघड आहे. १८० फिरवून कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. ठरावीक माणसाशीच बोलायचे असेल तर पी.पी. कॉल. मग घरात सगळ्यांनी दबक्या आवाजात बोलत फोनभोवती बसायचे. आम्ही इकडे तिकिटावर नंबर लिहून लाइन मोकळी व्हायची वाट पाहायचो. ‘मुंबईला चार तास डिले आहे’ हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचो त्याला गणती नाही. लाइन मिळाली की पलीकडच्या गावचा ऑपरेटर यायचा. एकमेकींना नाव नसे. ती सोलापूर, मी पुणे. ‘सोलापूर, पुणे बोलतेय, नंबर घ्या.’ दोन्ही बाजूची माणसे बोलायला लागली की कॉल मॅच्युअर झाला. तीन मिनिटे झाली की मध्ये जाऊन सांगायचे. लोक आमच्यावर ओरडत, आणि मयताचा निरोप असला की आमच्याशीच रडत.

कॉल लागेपर्यंत लाइनवर जो रिकामा वेळ मिळे, त्यात आमच्या मैत्र्या झाल्या. नियमाने बोलायला बंदी. सुपरवायझर मागे फिरत असायच्या, कधी लाइनवर कान लावूनही बसत. तरी ‘रिंग जातेय, उचलत नाहीत’ एवढ्या सबबीवर अर्धे मिनिट निघायचे. नाशिकची बाई द्राक्षांचे भाव सांगायची. नागपूरच्या उन्हाळ्याच्या तक्रारी मार्चपासून सुरू व्हायच्या. कोल्हापूरचे गृहस्थ मोजके बोलत, पण रात्री एकदाही ‘जागे आहात ना?’ असे विचारल्यावाचून लाइन देत नसत.

सोलापूर मात्र माझी खास. तिच्या मागे कधी कधी गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, मग आम्ही दोघी थांबायचो. शेंगाची चटणी तिने मला तीन ड्यूट्यांमध्ये शिकवली. पहिल्या दिवशी दाणे मंद आचेवर भाजायचे आणि घाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी लसूण सोलून किती घ्यायचा. तिसऱ्या दिवशी, मिक्सर नको, उखळातच कुटायची, तेल सुटेपर्यंत. मध्ये मध्ये कुणाचे तरी नंबर. ‘काय करायलीस गं पुणे?’ असे ती विचारायची आणि उत्तर यायच्या आत कुणाचा तरी कॉल मॅच्युअर व्हायचा. तिच्या सासूबाईंचा स्वभाव, मुलीची दहावी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली चप्पल, सगळे मला ठाऊक होते. तोंड मात्र पाहिले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, पुण्यात मिरवणुका अजून चालू होत्या. मी सकाळच्या ड्यूटीला पोहोचले तर बोर्डावर दिवे लागलेले आणि उमरगा, औसा, लातूर यांच्याशिवाय दुसरे नाव कुणाच्या तोंडात नाही. चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला होता. सोलापूर लाइनवर आली. मी विचारायच्या आतच म्हणाली, ‘मांडणीवरची भांडी पडली बघ, आम्ही सगळे रस्त्यावर हुतो, मी बरी हाय, नंबर दे.’ त्या दिवशी आमचे बोलणे एवढेच झाले. दिवसभर कॉल देताना तिचा आवाज ऐकत होते, तेवढे मला पुरे होते. मैत्रीची व्याख्या कुणी विचारली तर मी त्या दिवसाकडे बोट दाखवीन.

तोपर्यंत आमच्या बोर्डाचे दिवस भरत आले होते. एसटीडी देशात १९६० मध्येच लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाले होते, पण ते आमच्या पोटावर आले ऐंशीच्या दशकानंतर. पिवळ्या पाट्यांची पीसीओ बूथ कोपऱ्याकोपऱ्यावर उघडली. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अकराच्या पुढे तिथे रांगा. लोकांची सोय झाली, त्याचे मला वाईट वाटायचे कारण नाही. आमच्यातल्या कुणी बिलिंगला गेल्या, कुणी १९७ वर नंबर सांगायला, मी कमर्शियलला. सोलापूरशी शेवटचे काय बोलले, आठवत नाही. बहुधा नंबरच असेल.

लोक विचारतात, मग तुम्ही तिला फोन का नाही केलात? तुम्ही तर टेलिफोनमधल्या! प्रश्न बरोबर आहे आणि त्यातच सगळे आहे. आमची मैत्री कामाच्या फटीत उगवलेली होती. काम संपल्यावर तिला उभी करायला निमित्त लागते, आणि ‘सहज केला’ असा फोन करायची आमच्या पिढीतल्या बायकांना सवय नव्हती. फोन म्हणजे पैसे, फोन म्हणजे निरोप, नाहीतर वाईट बातमी. सहज फोन केला असता तर तीच घाबरून ‘काय झालं?’ म्हणाली असती.

म्हणूनच मला ते ‘खरी मैत्री शाळा-कॉलेजातच होते’ वगैरे पटत नाही. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींशी माझे आज काडीचे जमत नाही. मैत्री होते ती रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी भेटावे लागते म्हणून. पुढच्या काळात एकेक सोय झाली आणि दर वेळी एकेक निमित्त गेले. बिल भरायची रांग गेली. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. शेवटच्या दिवशी हौसेने स्वतःलाच तार करणाऱ्यांची गर्दी आम्ही पाहिली. आयुष्यात कधी तार न केलेली तरुण मुले फॉर्म भरत होती. हसावे की रडावे कळेना.

निवृत्त झाल्यावर आम्हा बोर्डावरच्या बायकांना एक निमित्त उरले होते. ते म्हणजे नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दर वर्षी बँकेत जाऊन सांगावे लागे. आम्ही ठरवून एकाच दिवशी जायचो. बँकेतला शिपाई आम्हाला ‘टेलिफोनच्या मावश्या’ म्हणायचा. खुर्च्या कमी, रांग मोठी, फॉर्मवर सही जुळत नाही म्हणून पुन्हा करायला लावत, आणि आम्हाला घाई नसायचीच. कुणाचे मोतीबिंदू झाले, कुणाच्या नातवाची मुंज, कुणी या वर्षी आली नाही आणि का आली नाही, हे सगळे त्या रांगेत कळायचे. सह्या झाल्या की जवळच्या अमृततुल्यात चहा आणि क्रीमरोल. एकदा तर कॅशियरने आमच्यातल्या एकीला ‘आपण स्वतः आहात ना?’ असे विचारले. ती म्हणाली, ‘नाही, मी तिची सासू.’ संपूर्ण हॉल हसला.

२०१४ च्या नोव्हेंबरातच ‘जीवन प्रमाण’ निघाले. आधी बोटाच्या ठशावर, पुढे मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला घरबसल्या होऊ लागला. ज्या अंथरुणाला खिळल्या आहेत त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची, त्यात शंका नाही. पण ज्या भाजी आणायला रोज खाली उतरतात त्यांनीही ती उचलली, आणि आमची रांग मोडली. २०२० आले तेव्हा तर बाहेर पडायचीच चोरी होती. त्या दोन वर्षांत आमच्यातल्या काही गेल्या, त्यांना पोचवायलाही जाता आले नाही. त्यावर अधिक लिहवत नाही.

आता व्हॉट्सअॅपचा गट आहे. सकाळी गुलाबाची फुले येतात, एकादशीला विठोबा येतो. कुणाचे काय चालले आहे ते कळत नाही. फुलांना उत्तर म्हणून फुलेच पाठवायची असतात, त्यामुळे बोलणे असे होतच नाही. त्यापेक्षा आमच्या बागेतला हास्यक्लब बरा. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत हे खूळ सुरू केले. हात वर करून हा-हा करायची मला अजून लाज वाटते. पण नंतर बाकावर सगळ्या बसतात आणि थर्मास निघतो, तेवढ्यासाठी मी जाते. हसून घेते, इलाज नाही.

राहिली सोलापूर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्येच काढून घेतली होती, ती परत दिली नाही, त्यामुळे एसटीच बरी पडते. नात्यातल्या लग्नाला सोलापूरला गेले होते, तिथल्या पेन्शनर मंडळींत चौकशी केली. कुठल्या सालात, कोणत्या शिफ्टला, आवाज कसा, असे सांगत सांगत माणूस शोधायचे, हे काम आम्हालाच जमणार. ती हैदराबादला मुलीकडे असते असे कळले, मुलीचा नंबर मिळाला. फोन लावला. तिला आता ऐकू येत नाही, कानाचे यंत्र लावायचा कंटाळा करते. मग मी मुलीला सांगायचे, मुलीने आईच्या कानाशी ओरडून सांगायचे, आईने उत्तर द्यायचे, मुलीने ते मला सांगायचे. दहावीतली ती मुलगी आता पन्नाशीची आहे. मध्येच ती वैतागून म्हणाली, ‘मावशी, आई विचारते, चटणीला लसूण अजून कमीच घालता का?’ मी म्हटले, सांग तिला, घालते बरोब्बर. पलीकडून मोठ्याने हसल्याचा आवाज आला, तो मात्र सांगायला मुलगी लागली नाही. तेव्हापासून दर रविवारी फोन होतो. मुलीला वेळ असला तर.

दाखला घरबसल्या होतो हे मलाही ठाऊक आहे, माझ्या नातवाने मोबाइलवर ते सगळे घालूनही दिले आहे. पण ज्यांचे पाय चालतात त्यांना माझे सांगणे आहे, या नोव्हेंबरात बँकेत जाऊन या. एकटे जाऊ नका, जुन्या ऑफिसातल्या दोघातिघांना आधी फोन करून दिवस ठरवा, आणि सही झाल्यावर लगेच रिक्षा पकडू नका. आम्ही उरलेल्या चौघी पहिल्या सोमवारी अकराला जाणार आहोत.