पिलाच्या दाण्यातील प्रथिने

कोंबडीच्या पिलाला प्रथिने किती द्यावीत, हा प्रश्न ऐकून आपल्यापैकी कित्येकांना हसू येईल. खेड्यातल्या कोंबड्या उकिरडा उकरून मोठ्या होतातच की! परंतु पोल्ट्रीतील पिलाला उकिरडा नाही. मालक पुढे ठेवील तेच त्याला खावे लागते, आणि प्रथिने महाग. चूक झाली तर तिची किंमत पिलू आणि मालक दोघेही मोजतात.

अंड्यातून निघालेले पिलू सुमारे ४० ग्रॅमचे असते. मांसासाठी वाढवलेल्या जातीचे पिलू आठवड्याभरात जवळजवळ चौपट होते. पहिले दोन-तीन दिवस पोटात उरलेल्या बलकाचा आधार असतो. पुढे सारी भिस्त पचनावर. जठरातील आम्ल व पेप्सिन प्रथिने फोडू लागतात, पेटा दाणा दळतो आणि आतड्यात स्वादुपिंडाचे ट्रिप्सिन ते काम पुढे नेते. शेवटी हाती येतात ती अमिनो आम्ले. शरीर तीच शोषून घेते. कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य ट्रिप्सिनलाच अडवते; म्हणून पेंड योग्य उष्णता दिलेलीच हवी.

आता प्रमाण. अशा पिलांना आरंभी शेकडा २२-२३ प्रथिने देतात, पुढे १८-२० वर आणतात. मग अधिक दिली तर अधिक वाढ होईल काय? नाही. लाडवांना रवा पायलीभर घेतला, पण तूप वाटीभरच असले, तर लाडू तुपापुरतेच वळले जातात. मक्यात लायसिन कमी, सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी. जे अपुरे, तेच वाढीची मर्यादा ठरवते. उरलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन यूरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. पिलू पाणी जास्त पिते, खालचा तूस ओला होतो, अमोनिया सुटतो. पिलांचे डोळे चुरचुरतात, पाय सोलतात. उलट, प्रथिने फारच घटवली तर वाढ खुंटते आणि चरबी साठते.

यावर उपाय असा की, एकूण प्रथिने थोडी कमी करावीत आणि उणी असलेली लायसिन, मेथिओनिन वेगळी मिसळावीत.

आपल्या वरणभाताचे मर्म तरी दुसरे काय आहे? भाताचे उणे डाळ भरते, डाळीचे भात. तेव्हा पिलाच्या बाबतीतही ‘किती घातले?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणते घातले आणि अंगी किती लागले?’ असेच आपण विचारले पाहिजे.