फ्रेंच घरातले पहिले दिवस : आपले समज आणि तिकडची वस्तुस्थिती

चिमूर, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या घरात एखाद्या पोराने किंवा पोरीने 'फ्रान्सला शिकायला जाते' म्हटलं की सल्ल्यांना तोटा राहत नाही. काकू म्हणते, खायचे हाल होतील. मामा म्हणतो, तिकडे दारू पाजतात. शेजारचे मास्तर म्हणतात, इंग्रजी आलं की झालं. यातलं कुणी फ्रान्सला गेलेलं नसतं. काळजी खरी असते, पण ती भलत्याच गोष्टींची होते आणि जिची करायला हवी ती राहून जाते.

मुळात 'आपल्या भागातून कोण जातं एवढ्या लांब?' हाच पहिला गैरसमज. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे भास्कर हलामी आश्रमशाळेत शिकले, पुढे मिशिगनला पीएच.डी. करून अमेरिकेतच शास्त्रज्ञ झाले. केंद्राच्या आदिवासी विकास मंत्रालयाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती वर्षाला 20 जणांना मिळते. त्यातल्या 3 जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे जिवती-राजुऱ्याकडचे कोलाम आणि भामरागडचे माडिया या जागांचे थेट हक्कदार आहेत. राज्य सरकारच्या योजना वेगळ्या : अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, आदिवासींसाठी आदिवासी विकास विभागाची. फ्रान्सलाही भारतीय विद्यार्थी हवेच आहेत. 2030 पर्यंत 30 हजार भारतीय विद्यार्थी आणायचे, असं उद्दिष्ट राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं.

दुसरा समज यजमान कुटुंबाबद्दलचा. फ्रान्सला गेलं की एक कुटुंब आपोआप मिळतं आणि ते आपल्याला लेकरासारखं सांभाळतं, असं पुष्कळांना वाटतं. विद्यापीठात जाणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी क्रूस या सरकारी संस्थेच्या वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. कुटुंबात राहण्याचे मार्ग साधारण दोन. भाषाशाळा जे घर शोधून देतात ते पैसे घेऊन ठेवून घेतं. करारात बहुधा नाश्ता आणि रात्रीचं जेवण असतं, दुपारचं आपलं आपण बघायचं. रोटरी किंवा एएफएससारख्या अदलाबदल कार्यक्रमांत शाळकरी वयाची मुलं जातात आणि तिथली कुटुंबं मोबदला न घेता त्यांना ठेवून घेतात. (या एएफएसची सुरुवातच फ्रान्समध्ये झाली. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात जखमींना नेणाऱ्या अमेरिकी रुग्णवाहिका-स्वयंसेवकांची ती संघटना होती, विद्यार्थ्यांची देवघेव 1947 पासूनची.) तुम्ही यातल्या कुठल्या वाटेने चाललात, हे आधी नीट कळून घ्या. पैसे देऊन राहणाऱ्याला पाहुणचाराची अपेक्षा धरता येत नाही आणि फुकट ठेवून घेणाऱ्या घराला हॉटेल समजता येत नाही.

आता जेवण, कारण सगळी भीती तिथेच साचलेली असते.

फ्रेंच घरात वाइन प्यावीच लागते, हे साफ खोटं. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथल्या आईबापांना हा प्रश्न जास्त टोचतो. टेबलावर वाइनशेजारी पाण्याचा चंबूही असतो. 'नको, आभारी आहे' एवढं म्हटलं की विषय संपतो, कारण कुणी विचारत नाही. अठरा वर्षांखालच्यांना तर दारू विकणंच बेकायदा आहे. उलट गप्पांना विषय हवा असेल तर मोहफुलांचं सांगा. आपल्या बागेतल्या फळांची दारू गाळून घ्यायची जुनी चाल फ्रान्सच्या खेड्यांतही आहे. घरात एखादे आजोबा असतील तर ते उठायचे नाहीत.

'तिकडे फक्त पाव आणि कच्चं मांस' हा समज अर्धा खरा आहे. पाव प्रत्येक जेवणाला असतो, पण तो भातासारखा ढीगभर खायचा नसतो. हाताने तोडायचा आणि ताटलीशेजारी टेबलावरच ठेवायचा. जेवण एकदम वाढलं जात नाही. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, मग चीज, शेवटी गोड, असं टप्प्याटप्प्याने येतं. पहिल्याच पदार्थावर ताव मारला की पुढच्या तिन्हीला फक्त बघत बसावं लागतं. भाताची सवय असलेल्या आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला हे जड जातं. गोमांस बरेचदा आतून लालसर ठेवतात. ते किंवा डुकराचं मांस चालत नसेल तर पोहोचण्याआधीच लिहून कळवा. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर रांधणाऱ्याची पंचाईत होते. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भाजीत आणि सॅलडमध्येही असतात, म्हणून 'मांस नको' एवढं सांगणं पुरत नाही. शाकाहारी माणूस मात्र उपाशी मरत नाही. तिथल्या शाळांच्या भोजनगृहात आठवड्यातून एकदा मांसाशिवायचं जेवण देण्याचा नियम 2019 मध्ये प्रयोग म्हणून आला आणि 2021 च्या कायद्याने कायम झाला.

घरून नेण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत तुपाची होते. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला मनाई आहे. तूप, पेढे, खवा, सुकं मटण सगळं त्यात आलं. आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मसाला, चटणी, डाळ न्या. यजमानांना भेट द्यायची तर चिचपल्लीच्या बांबू केंद्राकडची एखादी वस्तू न्या. ती जकातीत अडकत नाही आणि तिची गोष्टही सांगता येते.

'फ्रान्स थंड, पण घरात हीटर असतो' हेही ऐकिवातलं. हीटर असतो, पण तिथल्या ऊर्जा संहितेत घर तापवण्याची मर्यादा सरासरी 19 अंश आहे आणि वीजबिलाची काळजी करणारी कुटुंबं ती पाळतात. मे महिन्यात 47 अंश सोसणाऱ्या चंद्रपूरच्या माणसाला 19 अंश म्हणजे पौषातली पहाट. यजमान कंजूष नाहीत. घरात स्वेटर घालतात, तुम्हीही घाला. आंघोळीचंही तसंच. पुष्कळ घरांत गरम पाण्याची टाकी रात्रीच्या स्वस्त विजेवर एकदाच तापते. तुम्ही अर्धा तास शॉवरखाली उभे राहिलात तर तुमच्यानंतरचा माणूस गार पाण्याने न्हातो. पहिल्या आठवड्यातली नाराजी बहुधा इथूनच सुरू होते आणि कुणी तोंडावर सांगत नाही.

इंग्रजीत शिकवले जाणारे दीड हजारांहून अधिक अभ्यासक्रम फ्रान्समध्ये आहेत, म्हणून मास्तरांचं म्हणणं वर्गापुरतं बरोबर. बेकरी, बस, बँक, दवाखाना फ्रेंचमध्येच चालतात. दुकानात शिरताना 'बाँझूर' न म्हणता थेट वस्तू मागणं तिथे उद्धटपणा समजतात. कमी मार्कांचं फ्रेंच चालेल, पण हा एक शब्द विसरून चालत नाही. गालाला गाल लावून नमस्कार करण्याची धास्ती मुलींच्या आयांना असते. हात पुढे केला तर कुणाला वाईट वाटत नाही आणि कोरोनानंतर ती चाल थोडी कमीही झाली आहे.

'आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे?' हा न्यूनगंड मला सगळ्यांत खटकतो. फ्रान्समधून नाहीसा झालेला लांडगा 1992 मध्ये इटलीकडून मर्कांतूरच्या डोंगरात परतला. आता तिथे हजाराच्या आसपास लांडगे आहेत आणि मेंढपाळ विरुद्ध निसर्गप्रेमी असा वाद घराघरांत पेटतो. वाघाच्या भीतीने धानाच्या बांधीवर जायला कचरणाऱ्या मूल-सिंदेवाहीच्या माणसाइतकं या वादावर बोलायला अधिकारी कोण? तसंच मेंढा-लेखाचं. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. फ्रान्सचं जवळपास तीन चतुर्थांश जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे जंगल ग्रामसभेचं असू शकतं हे ऐकून तिथली माणसं कान टवकारतात.

याच जंगलाबाबत एक इशारा. शरद ऋतूत यजमान रविवारी अळंबी वेचायला नेतील. इकडच्या सात्या ओळखता येतात म्हणून तिथली अळंबी ओळखता येतील, असं समजू नका. खाण्याजोग्या जातींसारखी दिसणारी प्राणघातक जात तिथे उगवते. वेचलेली टोपली औषधाच्या दुकानात दाखवून घ्यायची फ्रान्समध्ये जुनी पद्धत आहे, ती पाळा.

शेवटी ज्याची काळजी कुणीच करत नाही ते कागद. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा बहुतेकांचा असा असतो की फ्रान्सला पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करावा लागतो, नाहीतर मुक्काम बेकायदा ठरतो. सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी परदेशी विद्यार्थ्यांना मोफत आहे, पण ती आपणहून करायची असते. विद्यापीठात नाव घालण्याआधी सीव्हीईसी नावाचं शंभर युरोंच्या आसपासचं शुल्क भरून पावती ठेवा. शिकता शिकता काम करायला वर्षाला 964 तासांची मुभा आहे, त्याहून जास्त नाही. अडचणीत 112 हा क्रमांक फिरवा. आणि विमानात बसण्याआधी व्हिसाच्या त्या तीन महिन्यांची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती यजमान लक्षात ठेवणार नाहीत, तुम्हालाच ठेवायची आहे.