स्टार मोजू नका, रिव्ह्यू वाचा

नोकरी सांभाळून डेटा सायन्स शिकायचे ठरवले आणि ऑनलाइन कोर्सची यादी उघडली, की डझनभर कोर्स समोर येतात. बहुतेकांच्या नावापुढे साडेचारच्या आसपास स्टार झळकत असतात. सगळेच चांगले, मग निवडायचा कोणता? आधी शिकून गेलेल्यांचे अभिप्राय ही या प्रश्नावरची उत्तम मदत आहे. मात्र, स्टारचा आकडा कसा तयार होतो हे कळले, तरच ती कामी येते.

मुळात रिव्ह्यू लिहितो कोण? एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडेक्स या ऑनलाइन व्यासपीठावरील कोर्सची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी तपासणारा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पूर्ण केला होता. मध्येच सोडून गेलेला विद्यार्थी सहसा काही लिहीत नाही. ज्याला झेपले आणि आवडले तो लिहितो, किंवा जो फार वैतागला तो. पास झालेल्यांनाच गाठून ‘पेपर कसा होता?’ असे विचारावे, तसे हे होते. त्यामुळे पाच स्टारचा खांब उंच, एक स्टारचा ठेंगणा आणि मधली जागा जवळपास रिकामी, असे चित्र ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये वारंवार दिसते.

दुसरी गोष्ट, आधीचे मत पाहून आपले मत बदलते. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर या संशोधकांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांवर प्रयोग केला. काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच मुद्दाम एक अनुकूल मत देऊन ठेवले. त्या एका मताच्या जोरावर अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. मुद्दाम दिलेल्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढला. २०१३ मधला हा निष्कर्ष कोर्सच्या बाबतीतही सावध करतो. सुरुवातीचे चार-पाच रिव्ह्यू ओळखीच्यांनी लिहिलेले असतील, तर पुढचेही त्याच सुरात सूर मिसळण्याची शक्यता असते.

तिसरा मुद्दा संख्येचा. एका कोर्सला ५ रिव्ह्यू आहेत आणि पाचही जणांनी पूर्ण ५ स्टार दिले आहेत. दुसऱ्याला ४०० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.६ आहे. कोणावर भरवसा ठेवावा? संख्याशास्त्रज्ञ यासाठी एक साधी युक्ती वापरतात. प्रत्येक कोर्सला ४ स्टारचे २० काल्पनिक रिव्ह्यू आधीच मिळाले आहेत असे धरायचे आणि मग सरासरी काढायची. पहिल्या कोर्सची सरासरी ४.२ वर घसरते, दुसऱ्याची ४.५७ राहते. थोड्या मतांवर उभा असलेला आकडा किती डळमळीत असतो, हे कागदावरच्या दोन ओळींत स्पष्ट होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चौथा आहे. आवडले म्हणजे शिकलो का? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने अनुभवी प्राध्यापकाचे ओघवते व्याख्यान ऐकले, दुसऱ्या गटाने वर्गात स्वतः झगडून गणिते सोडवली. ‘आपण जास्त शिकलो’ असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. चाचणीत मात्र सरस ठरले ते गणिते सोडवणारे. डोक्याला ताण देणारा कोर्स त्या क्षणी आवडत नाही, म्हणून त्याचे स्टार कमी होऊ शकतात.

मग रिव्ह्यू वाचायचे कसे? आधी तीन आणि चार स्टारचे वाचावेत. तिथे कौतुक आणि तक्रार एकत्र भेटतात. रिव्ह्यूची तारीख पाहावी. तंत्रज्ञानाच्या विषयात तीन वर्षांपूर्वीची स्तुती शिळी झालेली असू शकते. आणि आपल्यासारख्याच पूर्वतयारीचा माणूस शोधावा. ‘सर खूप छान शिकवतात’ या वाक्यातून निवडीसाठी काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी कोणी असे लिहिले तर पाहा: ‘मी बीकॉम, मराठी माध्यमातला. पहिले तीन आठवडे सोपे गेले. चौथ्या आठवड्यात मॅट्रिक्स आले, तेव्हा बारावीचे गणित पुन्हा काढावे लागले. आठवड्याला चार तास सांगितले होते, मला आठ लागले.’ असा एक रिव्ह्यू शंभर स्टारांना भारी असतो.

आपल्याकडे याची विशेष गरज आहे. आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम’ यांमुळे नामांकित प्राध्यापकांचे वर्ग गावातल्या मोबाइलवर विनाशुल्क पोहोचले. पण प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. दर आठवड्याच्या असाइनमेंटपेक्षा तो पेपर किती अवघड होता, इंग्रजी कितपत झेपले, हे आधी परीक्षा दिलेल्यानेच सांगावे.

म्हणून एक विनंती. कोर्स संपवलात तर लिहा आणि मध्येच सोडलात तर नक्कीच लिहा. सुरुवातीला काय येत होते, आठवड्याला किती तास गेले, कुठे अडलात आणि आता काय करता येते, एवढी चार वाक्ये पुरेत. मराठीत लिहा. तुमच्या मागून येणाऱ्याचे महिने आणि पैसे दोन्ही वाचतील.