तंजावरच्या शाळेला पैसा कुणाचा?

१७७९ साली मद्रासच्या इंग्रजांना हैदर अलीच्या मनात काय शिजतंय ते जाणून घ्यायचं होतं. श्रीरंगपट्टणला त्यांनी धाडला तो ना सरदार, ना मुत्सद्दी. तो होता ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, एक जर्मन पाद्री. बोलणी विशेष फळली नाहीत. निघताना हैदरने वाटखर्चाला ३०० रुपयांची थैली दिली. पाद्रीबुवांना ती नको होती. मद्रासला येऊन त्यांनी ती सरकारपुढे ठेवली, तर सरकारही घेईना. शेवटी ते पैसे तंजावरला गरीब मुलांसाठी इंग्रजी शाळा काढायला बाजूला ठेवले आणि त्यात भर घाला म्हणून लोकांपुढे हात पसरला. ख्रिस्ती शाळेच्या गंगाजळीत पहिली ओंजळ पडली ती म्हैसूरच्या मुसलमान सत्ताधीशाची.

श्वार्ट्झ ज्या मुशीतून आला होता, तिथे देणगी मागणं हे शास्त्रच होतं. जर्मनीतल्या हाले गावी फ्रांके नावाच्या पाद्र्याने १६९५ पासून उभारलेला अनाथाश्रम आणि त्याच्या शाळा लोकांच्या पैशावर चालत. १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने हालेचे पाद्री तंजावरच्या किनाऱ्यावर, तरंगमबाडीला उतरले. त्यांची पत्रं १७१० पासून हालेत छापून निघू लागली. तिकडचा दाता ती वाचायचा आणि पुन्हा पैसे पाठवायचा. आज कुठल्याही संस्थेचा गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल घरी येतो, त्याचे हे पणजोबाच म्हणायचे. या व्यवस्थेची खोटही तिथेच होती. दात्याला बाप्तिस्म्याच्या हकिकती हव्या असत. पोरं बेरीज-वजाबाकी शिकली यावर थैली सैल होत नसे.

श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीला आला. पुढे लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक सोसायटीच्या पगारावर तिरुचिरापल्लीला राहिला आणि १७७८ पासून तंजावरलाच स्थिरावला. तंजावरच्या मराठा राजाशी बोलता यावं म्हणून मराठी शिकला. हे राजे, तुळजाजी, त्याला मानत. मृत्यूच्या थोडंसं आधी, १७८७ च्या सुमारास, त्यांनी वर्षाला ५०० होन उत्पन्नाचं एक गाव शाळेला, विशेषतः अनाथ मुलांसाठी, कायमचं लिहून दिलं. रोख दिली असती तर दोन-चार वर्षांत उडाली असती. गावाचा वसूल मात्र दर हंगामाला यायचा. देवळाला, मठाला, वाटसरूंच्या छत्राला जशी इनामं दिली जात तशीच ही. राजाने नवं काही केलं नाही. जुन्या वहिवाटीत पाद्र्याची शाळा बसवून टाकली.

त्याच सुमारास रेसिडेंट जॉन सलिव्हनच्या डोक्यातून निघालेल्या इंग्रजी शाळा तंजावर, रामनाड आणि शिवगंगेत सुरू झाल्या. १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी प्रत्येकीला वर्षाला २५० होन मंजूर केले. हे दान म्हणावं का? मला नाही वाटत. कंपनीला दुभाष्यांवर विसंबायचं नव्हतं. एतद्देशीयांशी थेट बोलायचं होतं. या वर्गांत मुख्यतः ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची मुलं येत, ख्रिस्ती अनाथ नव्हेत. एकाच पाद्र्याच्या हाताखाली दोन तऱ्हेचे विद्यार्थी आणि दोन तऱ्हेचे पैसे.

पण खरा दाता पुढेच आहे. तुळजाजींनी दत्तक घेतलेल्या सरफोजींना श्वार्ट्झने शिकवलं, तुळजाजींनंतर गादीवर आलेल्या अमरसिंगांच्या जाचातून सोडवून १७९३ मध्ये मद्रासला हलवलं. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी कंपनीने तह लादला: मुलूख कंपनीचा; राजाला वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, महसूल नाही, न्यायनिवाडा नाही. राजेपण दाखवायला उरलं काय? ग्रंथालय, दवाखाना, छत्रं आणि शाळा.

छत्रांबद्दल सरफोजींनी १८०१ च्या जानेवारीत रेसिडेंटला पाठवलेलं पत्र डोळे उघडणारं आहे. छत्रात येणाऱ्या परक्या वाटसरूंची मुलं पोरकी झाली तर ती तिथल्या पंतोजीच्या हवाली होत. दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांतून एकदा तेल, आजारात औषध, अंगाला कपडे. मुलाला ज्या विषयाची आवड, तो शिकवायचा. विद्या पुरी झाली की लग्नाचा खर्चही छत्राचा! आजच्या कुठल्या शिष्यवृत्तीत तेलाचा आणि लग्नाचा हिशेब असतो?

हीच रीत राजाने गुरूच्या धर्माच्या पोरांनाही लावली. कन्नंदंगुडीला त्यांनी धर्मादाय संस्था काढली. तिथे ५० गरीब ख्रिस्ती मुलांचं पोषण आणि शिक्षण, शिवाय ३० ख्रिस्ती गरिबांना अन्नवस्त्र. खर्च राजाचा, देखरेख पाद्र्यांची. दाता शिवभक्त भोसला, लाभार्थी येशूची लेकरं. धर्म बदलला म्हणून कुणाचं ताट काढून घेतलं नाही आणि ताटासाठी कुणी धर्म बदलावा हेही त्यांनी मागितलं नाही. पाद्र्यांनी विलायतेला कळवताना या दातृत्वाची तोंडभर स्तुती केली आणि इतका शिकलेला राजा ख्रिस्ती होत नाही म्हणून हळहळही व्यक्त केली.

१८०१ मध्येच सरफोजींनी लंडनच्या सोसायटीला पत्र लिहून गुरूचं संगमरवरी स्मारक स्वखर्चाने मागवलं. जॉन फ्लॅक्समनने घडवलेलं ते शिल्प तंजावरच्याच शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात सरफोजींच्या हातात आहे आणि पलंगाशी शाळेची मुलं उभी आहेत. शिल्पकार मुलांना विसरला नाही हे विशेष.

राजांच्या या दानाचा उगम कावेरीकाठच्या कुळांच्या भातात होता, आणि ज्या वसुलातून राजाचा पाचवा हिस्सा निघे तो भरणाऱ्या त्या कुळांची नावं कुठल्याच शिल्पात नाहीत. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले, कंपनीने संस्थान खालसा केलं. सरफोजींनी १८०२ मध्ये बांधलेल्या ओरतनाडूच्या छत्राच्या इमारतीत मात्र पुढेही शाळा आणि विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालत राहिलं.